छापून आलेला पूल

साळवे, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला माझ्या हातात माईक दिला आणि मी गप्प बसले. मी! जिचा आवाज ऐकून ऑफिसातले शिपाई दारातूनच परत फिरायचे, ती मी. "कुलकर्णीबाई, तुम्ही साहेबांबरोबर एवढी वर्षं काम केलंय, दोन शब्द बोला," असं म्हणून कोणीतरी माईक पुढे केला. उभी राहिले. तुमच्या फोटोकडे बघितलं. "साळवे फार चांगले होते," एवढं म्हणाले आणि मटकन खाली बसले. शाळेतल्या पोरीनंसुद्धा याहून बरं भाषण केलं असतं.

बाकी सगळे भरभरून बोलले हो. मांडव गच्च भरला होता, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, तुमच्या फोटोशेजारी तथागत आणि बाबासाहेब, पुढे मेणबत्त्या. त्रिशरण पंचशील झालं आणि मग एकेक जण उठला. कोणी सांगितलं, साळवेसाहेबांमुळे आमच्या वाडीला डांबर बघायला मिळालं. कोणी म्हणालं, आमच्या उपकेंद्राला बाळंतपणाची खोली मिळाली ती त्यांच्या चिकाटीने. एका सरपंचाने तर तुम्हाला भगीरथ केलं, नळाच्या पाण्यासाठी. तुम्ही असता तर कोपऱ्यात उभे राहून डोकं खाजवलं असतंत. सुमनवहिनी ताठ बसून ऐकत होत्या, प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग मी चपला घालायला बाहेर आले आणि तिथे माळवस्तीची इठाबाई भेटली. ओळखलीत ना? ओढ्यापलीकडची, कपाळावर मोठं गोंदण असलेली. ऑफिसात दोनदा येऊन गेलेली, म्हणून मला ओळखत होती. पदर नीट करत म्हणाली, "लई सभ्य मानूस हुता बघा बाई. कुनाला कधी अरे म्हनला न्हाई. पन आमचा पूल खाल्ला त्यानं. मेलेल्या मानसाचं वाईट बोलू न्हाई, पन खाल्ला."

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "हो का?"

हो का! जसं काही मला ठाऊकच नाही. इठाबाई निघून गेली, रिक्षात बसली, आणि मी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तशीच उभी. रविवारपासून तो "हो का" माझ्या घशात अडकलाय. जेवण जात नाही. आमचे हे म्हणतात, "झालं ते झालं, तू आता रिटायर आहेस." म्हटलं, रिटायर माणसाने सगळं विसरावं असं शासनाचं काही परिपत्रक निघालंय का? त्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले.

तुम्ही पारनेरहून बदलून आमच्या ऑफिसला आलात तो दिवस आठवतो. फाइल खताच्या रिकाम्या गोणीत बांधून आणली होती, पावसाने भिजू नये म्हणून. ती गोणी माझ्या टेबलावर ठेवलीत आणि मी किंचाळले, "ही फाइल आहे की कांदे?" तुम्ही शांतपणे गाठ सोडलीत. आत मोजमाप पुस्तक, नकाशे, सगळं कोरडं ठणठणीत. म्हणालात, "बाई, तुमचं कपाट गळतंय. माझी गोणी गळत न्हाई." आणि खरंच, कपाट गळत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर पत्रा ठोकून दिलात. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही, आणि मेलं मला ते संपायला नकोच होतं.

मी म्हणायचे, कागदावर नाही ते झालंच नाही. तुम्ही म्हणायचे, कागदावर आहे ते तरी कुठं झालंय? हे आपलं रोजचं. चहाच्या कपावर, जिन्यात, गाडीत. आणि गंमत म्हणजे दोघांचं मिळून काम मात्र चोख व्हायचं. त्या दहा-अकरा वर्षांत काय नाही बदललं? तुम्ही आलात तेव्हा वस्त्यांवर जायचं म्हणजे उसाच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून. उपकेंद्र म्हणजे एक खोली आणि तिला कुलूप. शाळेच्या भिंतीला ओल आणि पोरं झाडाखाली. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी म्हातारी माणसं सकाळच्या एसटीने येऊन जिन्यात बसलेली असायची. आता वस्तीवर नळ आले, शाळेत भिंतीएवढा पडदा आला, दाखला मोबाईलवर येतो. रस्ते तर असे झाले की काष्टीच्या बाजाराला बायका स्कूटीवर जातात. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सगळे फलक बदलायचं पत्र निघालं, तेही किती पटकन झालं. हे सगळं खरंच झालं, साळवे. मी फुशारकी मारत नाही. यातल्या कितीतरी कामांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत आणि अजून रस्त्याने जाताना मी ह्यांना सांगते, हा आमचा, तोही आमचा.

तुमचा एक हेका होता, त्याचा मला भयंकर राग यायचा. काम संपलं तरी तुम्ही "पूर्ण" म्हणून सही करायचा नाहीत. "एक पाणी बघू द्या." एक पावसाळा त्या रस्त्यावरून गेला पाहिजे, मग पूर्ण. मार्चएंडला मी डोकं आपटून घ्यायचे. वरून फोनवर फोन, आणि तुम्ही आपले मोरीखाली वाकून बघताय पाणी कुठून जातंय. नवा रस्ता झाला की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्यावरून चालत जायचात. कशाला हो? तर म्हणे, "तरुण मानसाला खड्डा कळत न्हाई, त्याला घाई असती. म्हाताऱ्याला कळतो." आमच्या साहेबांनी एकदा विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? तुम्ही म्हणालात, "नियमात न्हाई साहेब, पायात हाय." साहेब हसले आणि मी रागावले. माझी यादी त्या पायांमुळे अडली होती.

आता माळवस्तीवर येते. येतेच. कधीपासून कडेकडेने फिरतेय.

माळवस्ती गावापासून फार लांब नाही, पण मधे ओढा. साधा ओढा असता तर उन्हाळ्यात तरी कोरडा पडला असता. पण कालव्याचं आवर्तन सुटलं की ऐन एप्रिलमध्येही त्याला कमरेएवढं पाणी. पावसाळ्यात तर विचारूच नका. दुधाची कॅनं डोक्यावर धरून माणसं उतरायची, पोरं शाळेच्या कपड्यांचं बोचकं करून. लांबून वळसा घालायचा तर दुसऱ्याच्या उसातून जावं लागे आणि रोज भांडण. तुम्ही त्या पुलासाठी किती मागे लागलात! मंजुरी आली त्या दिवशी पेढे वाटलेत. खोदाई झाली, सळया उभ्या राहिल्या, आणि ठेकेदार आजारी पडून काम थांबलं. तुम्ही म्हणालात, पावसाळा सरू द्या, दुसरा ठेकेदार बघू, निधी पडून आहे, कुठं जात नाही.

त्याच वेळी वरून फर्मान आलं, जिल्ह्याच्या दहा वर्षांच्या कामांची पुस्तिका काढायची. आधीचं आणि नंतरचं, दोन फोटो शेजारी शेजारी, गुळगुळीत कागदावर. आमच्या तालुक्याची पानं माझ्याकडे. साळवे, खरं सांगते, मला ती पानं सगळ्यात देखणी हवी होती. आणि त्यात तुमचं नाव हवं होतं. बाकीचे अभियंते फोटो घेऊन माझ्या टेबलाशी गर्दी करत होते आणि तुम्ही कुठल्यातरी वाडीवर पाण्याची टाकी मोजत होता. मी तुमची फाइल उघडली. माळवस्तीच्या नकाशाला पुलाचा एक सुरेख फोटो टाचलेला होता. स्वच्छ कठडे, खाली पाणी, मागे बाभळी. मला वाटलं, झालं वाटतं काम. तुम्हाला फोन लावला नाही. लावायला काय झालं होतं? तर तुम्ही म्हणाला असता, एक पाणी बघू द्या, आणि पान तसंच राहिलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून लावला नाही. फोटो छापायला दिला, आणि पुस्तिका आणि यादी जुळायला हवी म्हणून संगणकावर त्या कामापुढे "पूर्ण" करून टाकलं. साहेबांनी यादीवर न बघता सही केली, कारण कुलकर्णीबाईंच्या यादीत चूक नसते असा माझा लौकिक. कप्पाळ माझा लौकिक!

नगरला सभागृहात प्रकाशन होतं. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. पुस्तिका हातात आली आणि मी तुमच्याकडे बघत होते, आता पान येईल, आता खूश होतील. पान आलं. तुम्ही चष्मा वर केलात, परत खाली केलात.

"बाई, ह्यो पूल आपला न्हाई."

"म्हणजे?"

"ह्यो पारनेरचा हाय. राळेगणच्या अलीकडचा. मी तिथं असताना केलेला. असा करायचा म्हणून नमुना लावून ठेवला हुता."

पुढे भाषण चालू होतं, टाळ्या चालू होत्या. तुम्ही पुस्तिका मिटलीत, गुडघ्यावर ठेवलीत आणि तिच्यावर हात ठेवून बसलात, कोणी उघडून बघू नये तसे. एक अक्षर रागाचं बोलला नाहीत. बोलला असता तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते.

मग जे व्हायचं तेच झालं. काम पूर्ण म्हटल्यावर उरलेला निधी दुसरीकडे गेला. पुस्तिका सरपंचांमार्फत गावोगाव पोचली, माळवस्तीवरही पोचली. त्यांनी त्यांचा पूल बघितला, गुळगुळीत कागदावर, खाली नाव, शाखा अभियंता श्री. साळवे. आणि समोर ओढ्यात दोन खड्डे आणि गंजक्या सळया. माणसं काय समजणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते.

तुम्ही म्हणालात, आपण लिहून देऊ, नोंद चुकून झाली. मी तुमच्यापुढे रडले, आठवतं? रेकॉर्ड रूममध्ये, दार लोटून. म्हटलं, तीन वर्षं राहिलीत हो माझी. चौकशी लागेल, सेवापुस्तकात शेरा येईल, एवढ्या वर्षांची नोकरी आणि शेवटी लाल शाई. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत उभे होता. मग म्हणालात, "बरं." एवढंच. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली.

आणि तुम्ही काय केलंत? दर मे महिन्यात माळवस्तीवर जाऊन नवीन मोजमाप घेऊन यायचात आणि नवा प्रस्ताव टाकायचात. पहिल्या वर्षी "उर्वरित काम" म्हणून. परत आला. दुसऱ्या वर्षी पुलाचं नाव काढलंत आणि "साकव" लिहिलंत, यादीच्या नजरेतून सुटावा म्हणून. तिसऱ्या वर्षी "फरशी". एका ओढ्याला तुम्ही किती नावं ठेवलीत, बारशाला आलेल्या आत्यासुद्धा एवढी ठेवत नाहीत! पण संगणक मेला हुशार, जागा तीच दिसली की लगेच लाल. आणि उत्तराचं पत्र कोण टाइप करणार? मीच. "सदर ठिकाणचे काम पूर्ण झालेले असल्याने प्रस्ताव मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे." तीन वेळा हे वाक्य मी माझ्या बोटांनी टाइप केलं आणि तीन वेळा तुमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तुम्ही वाचून म्हणायचात, "शुद्धलेखन चांगलंय." टोमणा होता की चेष्टा, मला आजवर कळलं नाही. चौथ्या वर्षी तुम्ही "मोऱ्या बांधणे" म्हणून टाकलंत, तेव्हा मी रिटायर झाले होते. ते उत्तर माझ्या जागी आलेल्या वैशालीने दिलं, माझ्याच जुन्या पत्रावरून.

माझ्या निरोपसमारंभाला साहेब म्हणाले, या बाईंच्या कारकिर्दीवर एक डाग नाही. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. मी बघत होते.

त्यानंतर तुम्ही एकदाच नीट विचारलंत. "बाई, आता द्या की लिहून." मी म्हटलं, पेन्शनचे कागद होऊ द्या. पेन्शन सुरू झाली. मग म्हटलं, दिवाळी होऊ द्या, मुलगी येणार आहे. दिवाळी झाली. मग ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. निमित्तांना काय तोटा? तुम्हाला एक पाणी बघू द्यायला आवडायचं ना, मी तुम्हाला किती पाणी बघायला लावलं. आणि पेन्शन काय, ती कोण अडवणार होतं? मला भीती पेन्शनची नव्हती. मला माझं ते डाग नसलेलं नाव जपायचं होतं. तुमचं नाव तिकडे ओढ्यात पडलं होतं ते मला दिसत होतं आणि तरी मी माझं जपत बसले. हे तुम्ही जिवंत असताना तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं.

शेवटचे भेटलात ते श्रीगोंद्याच्या बस स्टँडवर. हातात मेथीची जुडी. मी नुसती हसले आणि पुढे निघाले, तर मागून म्हणालात, "बाई, कागद?"

मी फणकाऱ्याने वळले. "तुम्हाला दुसरा विषयच नाही का हो?"

"हाय की," म्हणालात, "पन तुमच्याशी येवढाच राहिलाय." आणि हसलात. मीही हसले असते तर काय बिघडलं असतं? नाही हसले. एसटी लागली होती, चढले. त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी वैशालीचा फोन. तुम्ही अंघोळ करून बाहेर आलात, छातीत दुखतंय म्हणालात, आणि नगरला नेईपर्यंत सगळं संपलं. मी तुम्हाला शेवटचं वाक्य बोलले ते हे असं, फणकाऱ्याचं. आता ते परत घेता येत नाही. तुमच्या रिटायरमेंटला काही महिनेच उरले होते. मी मनाशी ठरवलं होतं, तुमच्या निरोपसमारंभाला सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. ठरवायला काय जातं माझ्या बापाचं!

तर साळवे, आज सकाळी लिहिलं. एक पान. माझ्या अक्षरात, टाइप न करता. नोंद मी केली, फोटो मी लावला, शाखा अभियंता श्री. साळवे यांचा यात काडीचा संबंध नाही, त्यांनी चूक त्याच दिवशी दाखवली होती आणि ती दुरुस्त न होण्याला मी जबाबदार आहे. काम अपूर्ण आहे, नोंद दुरुस्त व्हावी. घेऊन गेले ऑफिसात. वैशालीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मॅडम, आता कशाला? ते गेले, तुम्ही सुटलात, कोणी विचारत पण नाही."

"तू शिक्का मार."

"चौकशी लागेल मॅडम."

"मला वाचता येतं गं, मीच लिहिलंय. शिक्का मार."

मारला. आवक क्रमांक घातला. किती वर्षं मी लोकांच्या अर्जावर तो शिक्का मारला, पण माझ्या स्वतःच्या अर्जावर तो कधी पडला नव्हता. पुढे काय होईल मला माहीत नाही. नोंद दुरुस्त होईल, प्रस्ताव परत घालता येईल, की नुसतीच चौकशी होऊन फाइल कपाटात जाईल, तुमच्याशिवाय त्याच्या मागे कोण लागणार, काही माहीत नाही. मीच लागेन म्हणते. गुडघे दुखतात, पण लागेन.

तिथून रिक्षा केली ती माळवस्तीला. ह्यांना सांगितलं नाही, नाहीतर जाऊ दिलं नसतं. रिक्षा ओढ्याच्या अलीकडेच थांबली. आवर्तन सरत आलंय, तरी ओढ्याला गुडघाभर पाणी. मी इतकी वर्षं त्या ओढ्याबद्दल टाइप केलं आणि तो बघितला आज पहिल्यांदा. विश्वास बसतो का? तुम्ही दहादा म्हणाला असाल, चला बाई दाखवतो, आणि मी दहादा म्हटलं, मला फाइलीत दिसतो. त्या गंजक्या सळयांना धरून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, एका बाईचा हात धरून मी पलीकडे गेले. पाणी थंडगार, खाली शेवाळ. दोनदा पाय सरकला.

इठाबाई अंगणात शेंगा निवडत होती. आणखी तीन-चार बाया जमल्या. मला बसायलासुद्धा सुचलं नाही. उभ्याउभ्या सांगून टाकलं. "इठाबाई, रविवारी तुम्ही म्हणालात साळवेसाहेबांनी पूल खाल्ला. त्यांनी नाही खाल्ला. मी खाल्ला." पैशाने नाही, पण खाल्लाच म्हणा. फोटो कसा लागला, नोंद कशी झाली, ते दर वर्षी कशासाठी मोजायला यायचे, माझ्यासाठी गप्प कसे बसले, सगळं. शिक्का मारलेला कागद पुढे धरला. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे. मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं. एकजणीने तोंड फिरवलं आणि आत निघून गेली, तिचं बरोबरच होतं.

इठाबाईने मात्र सूप खाली ठेवलं. सुपातल्या शेंगा तशाच. मग म्हणाली, "चार सालं आला त्यो मानूस. मे म्हैन्याच्या उन्हात. फीत धरायला आमच्यातलं कुनी पुढं व्हायचं न्हाई, तर दगडाला बांधून एकटाच मोजायचा. घामानं भिजल्याला असायचा."

आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

"आन आमी ठरवून, बाई, सगळ्या वस्तीनं ठरवून, त्याला पानी इचारलं न्हाई."

साळवे, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मी नोकरीत होते त्या तिन्ही वर्षी माळवस्तीहून आलात की थेट माझ्या टेबलाशी यायचात, माठातलं पाणी उभ्याने घटाघटा प्यायचात आणि मी ओरडायचे, "अहो, बसून प्या जरा, कोणी हिसकावून घेत नाहीये."